स्कॅन झालेले कागद हाती का लागत नाहीत?

मोबाइलवर ‘हिवरे बाजार’ लिहून शोधा. पानंच्या पानं समोर येतात. पोपटराव पवार, समतल चर, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, बोअरबंदी, पाण्याचा ताळेबंद, २०२०ची पद्मश्री. नगर तालुक्यातल्या या लहानशा गावाबद्दल मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिलेलं भरपूर सापडतं. पण बहुतेक सगळं १९८९ नंतरचं, म्हणजे पोपटराव सरपंच झाले तिथपासून पुढचं. आता थोडं मागं जाऊन विचारा. दीडशे वर्षांपूर्वी या शिवारात काय पिकायचं? सारा किती होता? पहाटे जात्यावर बसलेल्या बायका काय गायच्या? इथं फोन गप्प होतो.

याचा अर्थ कागद नाहीत असा नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्यावरचा सतरावा खंड १८८४ साली छापला गेला आणि आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, त्यांची संख्या कोटींत मोजतात. १८४२ साली नगरमध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयांत आहेत. महाराष्ट्रातल्या बायकांनी गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या तर संगणकावर चढलेल्याही आहेत. एवढं असून साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘डिजिटायझेशन पूर्ण झालं’ अशी बातमी आपण वाचतो आणि वस्तू मात्र हाती लागत नाही. मधे नेमकं काय अडतं?

हिवरे बाजारच्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागणार नाही. त्याला ठाऊक आहे की पाऊस पडला म्हणून विहिरीला पाणी येत नाही. आधी ते शिवारात अडवावं लागतं, मग जमिनीत जिरवावं लागतं, आणि शेवटी ते कुणी किती उपसायचं हे गावानं मिळून ठरवावं लागतं. तीनपैकी एक पायरी चुकली तर बाकीच्या दोन वाया जातात. जुन्या कागदांचंही असंच आहे. स्कॅन करणं म्हणजे अडवणं. त्याची नोंद आणि मजकूर तयार करणं म्हणजे जिरवणं. आणि कुणाला काय करायची मुभा आहे हे ठरवणं म्हणजे वाटप. आपल्याकडे बहुतेक पैसा पहिल्या पायरीवर खर्च होतो.

फोटो वाचता येतो, शोधता येत नाही

स्कॅनर कागदावरून प्रकाश फिरवतो आणि कागदाचे बारीक ठिपके करून प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लिहून ठेवतो. एका इंचात किती ठिपके, यावर बारकावा ठरतो. ए-फोर आकाराचा कागद इंचाला ४०० ठिपके या मापानं रंगीत स्कॅन केला, तर सुमारे दीड कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे एका पानाची मूळ फाइल ४६ एमबीच्या आसपास. शंभर पानांच्या चोपडीला साडेचार जीबीहून जास्त जागा लागते. म्हणून चांगल्या संस्था दोन प्रती करतात. एक मूळ, जड, काहीही न गाळलेली प्रत जपून ठेवायला. दुसरी हलकी, दाबून लहान केलेली, लोकांना दाखवायला.

वाडीवस्तीवर जिथं रेंज एक-दोन काड्यांचीच असते, तिथं जड पान उघडतच नाही. यावर उपाय आहे आणि तो २०११ पासून जगातली अनेक ग्रंथालयं मिळून वाढवत आहेत. मोठ्या चित्राचे चौकोनी तुकडे करून ठेवायचे आणि वाचणारा ज्या कोपऱ्यावर बोट ठेवून मोठं करील तेवढाच तुकडा पाठवायचा. त्यामुळे शिक्क्यावरचं अक्षर न् अक्षर दिसतं आणि डेटाही थोडाच लागतो. आपल्या संस्थांनी हे तंत्र घ्यायलाच हवं. चारशे एमबीची पीडीएफ टाकून ‘उपलब्ध आहे’ म्हणणं ही शहरातल्या वायफायवाल्यांपुरती उपलब्धता झाली.

पण तीक्ष्ण फोटो मिळाला तरी संगणकाच्या लेखी ते ठिपकेच. त्यात ‘ज्वारी’ हा शब्द आहे हे त्याला कळत नाही. कळायला अक्षरांचे संकेतांक लागतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, मग तुम्ही नगरमध्ये टंकलेखन करा किंवा न्यू जर्सीत. युनिकोडच्या आधी आपल्याकडे प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा होता. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा आकार बसवलेला असायचा, त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी व्हायची. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं टंकलेखन झालेला कितीतरी मराठी मजकूर अजून तशाच खिचडीत पडून आहे.

छापील पानाच्या फोटोवरून मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअरं आता मराठीसाठीही बरी झाली आहेत. पूर्वी ती अक्षरं सुटी करून ओळखायची आणि देवनागरीत शिरोरेषेमुळे सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली, म्हणून अडायची. आताची सॉफ्टवेअरं अख्खी ओळ एकदम बघतात आणि लाखो ओळींच्या सरावावरून अंदाज बांधतात. तरी ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गफलत होते, पुसट अनुस्वार गळतात. शंभर अक्षरांत एकच चूक म्हटली, तरी दोन हजार अक्षरांच्या पानावर वीस चुका झाल्या. त्यातली एक नेमकी गावाच्या नावात असली, की ते पान शोधात कधीच येणार नाही.

मोडीचं काम याहून अवघड. लेखणी न उचलता सलग लिहिण्याची लिपी, शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २०१४ साली. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीच्या फोटोवरून देवनागरी मजकूर काढणारी यांत्रिक पद्धत मांडली. तिला शिकवायला त्यांनी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीचे दोन हजारांहून अधिक नमुने जाणकारांकडून देवनागरीत उतरवून घेतले. म्हणजे यंत्र आलं तरी आधी माणूस वाचायला बसावा लागतो.

२०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे कळून चुकलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी दफ्तरं उघडली गेली, सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्या-जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या आणि मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, पणजोबाची नोंद समोरच्या पडद्यावर दिसते आणि वाचता येत नाही, हा अनुभव लाखो घरांनी तेव्हा एकदम घेतला.

हिवरे नक्की कुठलं?

मजकूर तयार झाला तरी शोध लागेलच असं नाही, कारण मराठी लिहिण्याची रीतच बदलली. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘पाणी पडलें’ असं असतं. आज आपण ‘गाव’ लिहून शोधतो आणि ‘गांव’ असलेलं पान बाजूला राहतं. शोधयंत्राला दोन्ही रूपं एकच आहेत हे कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते मराठी जाणणारा माणूसच शिकवू शकतो.

गावांच्या नावांचा गुंता तर विचारूच नका. हिवरे नावाची गावं पुरंदर आणि जुन्नर तालुक्यांतही आहेत. इंग्रजी कागदांत त्याच नावाची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात. आता त्यात जिल्ह्याचंही नाव बदलून अहिल्यानगर झालं. जुन्या नोंदीत अहमदनगर, नव्या नोंदीत अहिल्यानगर. दोन्हींची गाठ घातली नाही तर पुढच्या पिढीला अर्धेच कागद दिसतील. म्हणून प्रत्येक स्कॅनसोबत एक नोंद लागते. हा कागद काय आहे, कुणी लिहिला, कधीचा, कुठल्या गावचा, मूळ कुठं ठेवलेला आहे. ग्रंथपाल याला मेटाडेटा म्हणतात. गावाच्या नावासोबत जनगणनेतला क्रमांक टाकला, तर नाव कसंही लिहिलेलं असो, गाव तेच राहतं.

नोंद कच्ची राहिली की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. भारतीय डिजिटल ग्रंथालय या प्रकल्पात दोन हजारच्या दशकात लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही पुष्कळ. पण नावं इंग्रजी अक्षरांत आणि मनाला येईल तशी टाकलेली. लेखकाचं आडनाव एकीकडे, पुस्तकाचं नाव मोडून तिसरीकडे, साल चुकलेलं. तुम्हाला हवं ते पुस्तक तिथं असतं आणि तरी सापडत नाही. एखादं मराठी नाव इंग्रजीत किती प्रकारे चुकू शकतं याची कल्पना करत एकेक स्पेलिंग टाकून बघावं लागतं. लाखो पानं शिवारात अडवली, पण विहिरीला पाझर फुटला नाही, तो असा.

जात्यावरच्या ओव्यांनी काय दाखवून दिलं

तिन्ही पायऱ्या नीट केलेलं काम बघायचं असेल, तर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघावा. मला तो महाराष्ट्रात झालेल्या अशा कामांतला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी आपल्याकडे होत नाही.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवँ या दोघांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकात या कामाला हात घातला. गरीब डोंगरी संघटनेच्या निमित्तानं ते मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांत बायकांसोबत काम करत होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं की दळताना गायिलेल्या ओव्यांत या बायकांचं अख्खं जगणं आहे. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, दुष्काळ, बाबासाहेब आंबेडकर. विजेच्या गिरण्या गावोगाव पोचल्या होत्या, जाती कोपऱ्यात गेली होती आणि ओव्या त्या बायकांच्या आठवणीत तेवढ्या उरल्या होत्या. कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन त्या हातानं लिहून घेतल्या. हळूहळू महाराष्ट्रभरची शेकडो गावं जोडली गेली.

आता त्यांनी काय केलं ते पायरी-पायरीनं बघा. ओवी लिहून घेताना गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा ही माहिती सोबत घेतली. प्रत्येक ओवीला क्रमांक दिला. मग विषयांची मोठी फांद्याफांद्यांची यादी तयार केली आणि प्रत्येक ओवी तिच्या विषयाखाली लावली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले. ओव्या संगणकाच्या विदागारात गेल्या आणि प्रत्यक्ष गाण्याचं ध्वनिमुद्रणही सुरू झालं. गाण्याचा तुकडा, त्यातल्या ओवीचा मजकूर आणि गाणारी बाई, तिन्हींची एकमेकांशी गाठ क्रमांकानं घातलेली.

ही गाठच पुढं कामाला आली. गी पॉइटवँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. असे संग्रह करणाऱ्याच्या मागं कपाटात धूळ खात पडतात, हे आपण पुष्कळदा बघितलं आहे. इथं तसं झालं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हे सगळं काम स्वीकारलं आणि २०१७ पासून ओव्या लोकांसमोर येऊ लागल्या. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड, रजनी खळदकर यांच्या चमूनं मजकूर तपासला, भाषांतरं केली आणि ज्या बायकांनी पूर्वी ओव्या दिल्या होत्या त्यांच्या गावी पुन्हा जाऊन चित्रीकरण केलं. क्रमांक, नाव आणि गाव नोंदलेलं होतं म्हणूनच त्यांना तो उंबरा सापडला.

आज कुणीही मोबाइलवर यातली ओवी ऐकू शकतो, मराठीत वाचू शकतो, इंग्रजी भाषांतर बघू शकतो. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. आणि प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव आहे. लोकगीतांच्या जुन्या छापील संग्रहांत संपादकाचं नाव मुखपृष्ठावर असायचं आणि गाणाऱ्या बायका ‘एक वृद्धा’ म्हणून निघून जायच्या. ही चूक इथं झाली नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं.

किल्ल्यातली पुस्तकं आणि साठ वर्षं

तिसरी पायरी वाटपाची. इथं कायदा येतो आणि बहुतेक संस्था इथंच बिचकतात.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं पुस्तकावर त्याचा, मग त्याच्या वारसांचा हक्क असतो. मुदत संपली की पुस्तक सर्वांचं. नगरच्याच उदाहरणावरून बघू. जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. नेहरूंचं निधन १९६४ सालचं. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून ते पुस्तक भारतात कुणीही छापू शकतो, इंटरनेटवर ठेवू शकतो. मौलाना आझादांनी त्याच किल्ल्यात ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. ते १९५८ साली गेले, त्यामुळे ते पुस्तक सहा वर्षं आधीच मोकळं झालं.

नेहरूंच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद साने गुरुजींनी केला. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे अनुवादावरचा त्यांचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. तरी पुढची चौदा वर्षं तो अनुवाद मोकळेपणानं वापरता आला नसता, कारण मूळ पुस्तकावरचा हक्क जिवंत होता. एका पुस्तकाला अशी दोन कुलुपं असू शकतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये राहुरी, नगर हा सगळा परिसर येतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यांचा मजकूर कधीच सर्वांचा झाला आहे. पण अलीकडच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना आणि टिपा त्या संपादकाच्या. म्हणून स्कॅन करायला जुनी आवृत्ती शोधावी लागते.

┌──────────────
कशाला किती मुदत?
पुस्तक, लेख, कविता: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.
निनावी लेखन: पहिल्या प्रकाशनानंतर ६० वर्षं.
फोटो: छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं; प्रकाशित ध्वनिमुद्रण: प्रकाशनानंतर ६० वर्षं.
गाणाऱ्याचा, सादर करणाऱ्याचा हक्क: सादरीकरणानंतर ५० वर्षं.
मुदत नेहमी पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची.
└──────────────

चौकटीतल्या चौथ्या ओळीकडे लक्ष द्या. ओवी परंपरेची असली, तिचा कर्ता कुणाला ठाऊक नसला, तरी जिनं ती माइकसमोर गायिली तिचा त्या गाण्यावर हक्क आहे. ‘लोकगीत आहे, कुणाचंच नाही’ असं म्हणत ते रेकॉर्डिंग उचलून जाहिरातीत वापरणं कायद्यालाही धरून नाही.

फुकट दिसणं वेगळं, मोकळं असणं वेगळं

समजा, अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र एखाद्या संस्थेनं स्कॅन केलं. पत्रावर आता कुणाचा हक्क नाही. मग त्याच्या फोटोवर संस्थेचा हक्क निर्माण होतो का? अनेक संस्था तसं मानतात. चित्रावर आडवा शिक्का मारतात, आकार लहान करून टाकतात, ‘आमच्या परवानगीशिवाय वापरू नये’ असं लिहितात. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशात याचं स्पष्ट उत्तर दिलं: ज्या चित्राची मुदत संपली आहे त्याच्या हुबेहूब प्रतीवर नवा हक्क तयार होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००७ साली कायद्याच्या निकालपत्रांबाबतच्या एका खटल्यात म्हटलं की नुसत्या श्रमातून हक्क येत नाही, त्यात थोडी तरी सर्जकता लागते. स्कॅनरवर पान ठेवणं हे मोलाचं काम आहे, त्याचं श्रेय द्यावं, पण त्यातून मालकी तयार होऊ नये, असं माझं मत आहे.

ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम गेल्या दशकाच्या सुरुवातीपासूनच आपली चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेऊ देतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रांवरचा सगळा दावा सोडला. स्मिथसोनियननं २०२० मध्ये २८ लाख चित्रं मोकळी केली. त्या चित्रांतून शाळेची पुस्तकं, साड्यांचे नमुने, माहितीपट असं बरंच काही तयार होतं आणि मूळ बघायला येणारे लोकही येतच राहतात.

आपला हक्क ठेवून काही मुभा द्यायची असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने आहेत. श्रेय द्या आणि काहीही करा, हा एक. श्रेय द्या आणि तुम्ही जे नवं बनवाल तेही याच अटीवर इतरांना द्या, हा दुसरा. विकिपीडिया यावर चालतो. श्रेय द्या, पण विकू नका आणि बदल करू नका, हा सर्वांत आवळ; ‘पारी’चा मजकूर या परवान्याखाली आहे. त्यामुळे ओवी तुम्ही ऐकू शकता, मैत्रिणीला पाठवू शकता, वर्गात लावू शकता. विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयावर चढवू शकत नाही, कारण तिथं बदलाची आणि विक्रीची मुभा असलेलाच मजकूर चालतो.

मोकळेपणाचा आग्रह धरणारे काही जण या आवळ परवान्यावर टीका करतात. मला ती इथं पटत नाही. पेशवे दफ्तरातली सनद आणि ओवी यांत फरक आहे. सनद सरकारची, तिच्या लेखकाला जाऊन शतकं लोटली. ओवी गाणाऱ्या बायकांपैकी कित्येकजणी हयात आहेत, त्यांनी आपलं दुःख नाव-गाव सांगून दिलं आहे. ते कुणी तोडूनमोडून विकू नये एवढी अट रास्त आहे. हिवरे बाजारात पाणी सगळ्यांचं आहे म्हणून शेतीसाठी बोअर पाडायची मुभा कुणालाच नाही. सरकारी पैशानं स्कॅन झालेल्या, मुदत संपलेल्या कागदांना मात्र कसलीच अट नसावी.

एकाच जागी ठेवलेलं राहत नाही

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. कपाटं फुटली, पोथ्या-पुस्तकं जमिनीवर आली. त्यानंतर स्कॅनिंग किती निकडीचं आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. पण संगणकातली प्रतही अमर नसते. वर सांगितलेल्या भारतीय डिजिटल ग्रंथालयाचं मूळ संकेतस्थळ पुढं बंद पडलं. पुस्तकं वाचली ती इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेकडे त्यांच्या प्रती गेल्या होत्या म्हणून. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या इंटरनेट आर्काइव्हवरच सायबर हल्ला झाला, काही दिवस सगळंच बंद होतं. जाणकार सांगतात ते साधं आहे: तीन प्रती, किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि दर काही वर्षांनी फाइली उघडून बघायच्या, नव्या डिस्कवर उतरवायच्या.

मोकळेपणाचा टिकाऊपणाशी असा थेट संबंध आहे. ज्याची प्रत करायची मुभा आहे त्याच्या प्रती होतात आणि एखादी संस्था बंद पडली तरी दुसरीकडे ते सापडतं.

गावाचं दप्तर

हिवरे बाजारकडे यातली सगळ्यांत अवघड सवय आधीच आहे. पावसाळा झाला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, तो ग्रामसभेपुढं ठेवतं, पिकं त्यावरून ठरवतं, आणि आकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे फलकावर लिहितं. सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या गावात अशा नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जाणं हा माझ्या मते मोडी सनदांइतकाच मोठा ठेवा आहे. पन्नास वर्षांनी हवामानाचा अभ्यास करणाऱ्याला त्या लागतील.

अशा गावाला सुरुवात करायला मोठा निधी नको. वह्या सावलीत, सपाट टेबलावर ठेवून चांगल्या मोबाइलनं सरळ वरून फोटो काढले तरी पहिली पायरी होते. फाइलीच्या नावात गाव, वहीचा प्रकार, साल आणि पान क्रमांक टाकायचा. आकडे तक्त्यात उतरवायचे, म्हणजे वर्षांची तुलना करता येईल. हे शाळेतली मुलं शिक्षकांसोबत करू शकतात. छापील जुनी पुस्तकं तपासायची तर मराठी विकिस्रोतावर उजव्या हाताला पानाचा फोटो आणि डाव्या हाताला यंत्रानं ओळखलेला मजकूर अशी सोय आहे. एकानं चुका दुरुस्त केल्या की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं पडताळलं की हिरवं. नगरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागानं जुन्या ‘ज्ञानोदय’चा एक खंड जरी असा हिरवा केला, तरी १८४०च्या दशकातल्या नगरबद्दल फोन गप्प राहणार नाही.

सगळंच जगासमोर ठेवू नये, हेही तितकंच खरं. ग्रामसभेच्या इतिवृत्तात कुणाची भांडणं, कुणाची थकबाकी, कुणाचं आजारपण असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात आणि जन्मतारीख असते. हयात माणसांची अशी पानं स्कॅन करून जपावीत, पण बंद ठेवावीत, आणि कोणतं पान कधी उघडायचं हे त्या गावाच्या ग्रामसभेनंच ठरवावं. पाऊस, विहिरी, पीकपाणी, श्रमदानाच्या नोंदी यांना तसं काही कारण नाही. त्या आजच उघडता येतील.